याकुब यान रिबा : रोझमितालच्या मास्तरांची नाताळची मिस्सा

अंतरा_क

चेक प्रजासत्ताकात नाताळच्या आदल्या रात्री, म्हणजे २४ डिसेंबरला, चर्चमध्ये गेलात तर एक मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीसाठी रचलेलं संगीत, हमखास कानावर पडते. मोठ्या शहरात वाद्यवृंदासह आणि खेडेगावात जेवढी माणसं जमतील तेवढ्यांनिशी ती गायली जाते. चर्चची पायरी एरवी न चढणारे लोकही त्या रात्री तिच्यासाठी जातात. तिचं नाव 'चेक नाताळ मिस्सा'. लोक मात्र तिला लाडानं 'रिबोव्का' म्हणतात. ती १७९६ साली लिहिली याकुब यान रिबा यांनी, आणि ते पेशानं गावच्या शाळेतले मास्तर होते.

रिबांबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं त्यात दोनच गोष्टी असतात, ही मिस्सा आणि त्यांचा दुर्दैवी शेवट. रोझमिताल गावात मास्तर म्हणून काढलेली सत्तावीस वर्षं गळून जातात. मला वाटतं, ती मिस्सा कळायची असेल तर आधी ती सत्तावीस वर्षं बघायला हवीत.

जन्म २६ ऑक्टोबर १७६५, पिल्सेनजवळच्या प्रझेश्तित्से गावी. वडीलही शाळामास्तरच. पुढे कुटुंब नेपोमुकला आलं आणि याकुबचं बालपण तिथं गेलं. व्हायोलिन, ऑर्गन, रचनेची मुळाक्षरं हे सगळं घरातच मिळालं. १७८० मध्ये तो शिकायला प्रागला गेला, पियारिस्ट धर्मगुरूंच्या शाळेत. तिथं लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान यांची गोडी लागली, शहरातलं संगीत ऐकायला मिळालं, वाजवायलाही मिळालं. हा मुलगा प्रागमध्येच राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. पण वडिलांनी परत बोलावलं. मदतनीस शिक्षक म्हणून आधी नेपोमुक, मग म्निशेक, आणि १७८८ मध्ये रोझमिताल. मरेपर्यंत तिथंच. १७९० मध्ये लग्न झालं, तेरा मुलं झाली.

बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातल्या, अशा मास्तरांना 'कांटोर' म्हणत. दिवसा शाळा, रविवारी आणि सणाला चर्चमध्ये ऑर्गन, गायनवृंद बसवणं, वाद्यवाल्यांना तयार करणं, लग्न आणि अंत्यविधीला गाणं, शिवाय नवीन संगीत लिहायचं आणि त्याच्या प्रतीही स्वतःच हातानं करायच्या. हे सगळं एकाच माणसाकडे. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार १७७२ मध्ये या भागातून गेला होता. चास्लाव गावच्या शाळेत त्यानं जे पाहिलं ते लिहून ठेवलंय: सहा ते दहा-अकरा वर्षांची मुलं-मुली एकाच खोलीत, कोणी वाचतंय, कोणी लिहितंय, कोणी व्हायोलिन, तर कोणी ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं वाजवतंय. ऑर्गनवादकाच्या घरातल्या छोट्याशा खोलीत चार क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखी छोटी वाद्यं, आणि चारही वाद्यांवर पोरं सराव करतायत! त्या काळच्या युरोपात जिथं बघावं तिथं बोहेमियन वादक का दिसतात, याचं उत्तर या खोलीत आहे.

रिबा या परंपरेतले, पण एक पाऊल पुढचे. बोहेमियावर तेव्हा ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचं राज्य होतं. तिनं १७७४ मध्ये सहा ते बारा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची केली. कायदा झाला तरी गावात तो उतरवायचा मास्तरांनी. पालकांना पोरं शेतावर हवीत, शाळेला जागा धड नाही, वस्तू नाहीत, आणि मास्तर गावच्या धर्मगुरूच्या हाताखाली. रिबांनी शाळेची रोजनिशी ठेवली होती. पोरांनी नुसती प्रश्नोत्तरं पाठ न करता समजून वाचावं, ही त्यांची धडपड होती. त्यावरून धर्मगुरूंशी आणि गावच्या कारभाऱ्यांशी वर्षानुवर्षं खटके उडाले.

आणि हे सगळं सांभाळून या माणसानं हजाराहून जास्त रचना लिहिल्या. मिस्सा, मोटेट, पास्तोरेला, 'स्ताबात मातेर' असं चर्चचं संगीत, शिवाय चेक कवितांवरची गाणी. बराच भाग हरवला. उरलं त्यात ही मिस्सा आहे, जिच्यात एक मेंढपाळ पोरगा आपल्या धन्याला झोपेतून हलवून उठवतो.

---

पेटीवाला

अंतराताई, सुंदर लिहिलंय. मी ही मिस्सा परवाच यूट्यूबवर ऐकली. ऐकताना एक गोष्ट खटकली, म्हणून विचारतो. मिस्साचे ठरलेले भाग असतात ना, किरिए, ग्लोरिया, क्रेडो वगैरे? इथं नावं तीच आहेत पण शब्द पूर्ण वेगळे, सरळ गोष्टच चालू आहे. मग हिला मिस्सा कसं म्हणायचं? आणि त्या काळी चर्चनं हे चालू कसं दिलं?

---

अंतरा_क

पेटीवाला, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

त्या काळी मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. वेदीवरचा धर्मगुरू सगळे लॅटिन शब्द स्वतः म्हणायचा, बहुतेक हळू आवाजात. तेवढ्यानं विधी पुरा होत असे. त्यामुळे वर ऑर्गनच्या सज्जात गायनवृंद काय गातो याला थोडी मोकळीक होती, आणि त्या फटीतून लोकभाषा आत आली. शिवाय सम्राट जोसेफ दुसरा यानं १७८० च्या दशकात चर्चमधल्या थाटामाटाच्या संगीतावर कात्री लावली होती. वाद्यवृंदाऐवजी लोकांनी लोकभाषेत साधी स्तोत्रं गावीत असा त्याचा आग्रह. त्याच सुमाराला त्यानं शेकडो मठ बंद केले आणि कित्येक वादकांची रोजीरोटी गेली. १७९० मध्ये तो वारला आणि बंधनं हळूहळू सैल झाली. रिबांनी १७९६ मध्ये लिहिलं तेव्हा वाद्यवृंद परत आला होता आणि लोकभाषेची सवयही टिकली होती. दोन्ही त्यांनी वापरलं.

दुसरा धागा पास्तोरेलाचा. नाताळात मेंढपाळांचे छोटे संगीत-प्रसंग गायचे, ही बोहेमियातली जुनी रीत. त्यात गावरान बोली, मेंढपाळांच्या शिंगाचे हाकारे, खाली डुड्यांसारखा, म्हणजे त्यांच्याकडच्या कातडी पिशवीच्या वाद्यासारखा, धरून ठेवलेला षड्ज. प्रागच्या सेंट व्हीतुस कॅथीड्रलचे प्रमुख संगीतकार फ्रांतिशेक झावेर ब्रिक्सी यांनीही अशा रचना केल्या आहेत. रिबांची स्वतःची 'रोझमिली स्लाविचकू' ही पास्तोरेला ऐकाच, नाइटिंगेल पक्ष्याला घातलेली साद आहे. मिस्सात त्यांनी हा पास्तोरेला पूर्ण मिस्सेच्या लांबीचा केला. शब्दही त्यांचेच.

आता ऐकताना लक्ष कुठं ठेवायचं ते सांगते. किरिएची सुरुवात ए मेजरमध्ये. वाद्यांचा एक हसरा, चपळ आरंभ. मग टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, एकटा हाक मारतो, "हेय मिस्त्रशे!" म्हणजे अहो धनी, उठा लवकर, आकाशात बघा केवढा उजेड पडलाय. बेसमधला, म्हणजे खालच्या आवाजातला, धनी झोपमोड झालेल्या माणसासारखा विचारतो, काय झालं? दोघांचं बोलणं चालू राहतं आणि मग बाकीचे आवाज येऊन मिळतात. दयेची याचना करणारा जो भाग असतो तिथं रिबांनी एका खेड्याला जागं केलंय. ग्लोरियात देवदूतांचं गाणं. पुढं मंडळी जमवायची, वाद्यं घ्यायची, बेथलेहेमला निघायचं. अर्पणाच्या भागापर्यंत ते बाळाजवळ पोचलेले असतात, आणि शेवटचे भाग प्रार्थनेचे. म्हणजे भागांची नावं आणि त्यांच्यामागचा भाव मुळात आहे तसाच ठेवून त्यांनी वर गोष्ट विणली.

---

रानजाई

फार आवडला धागा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेय, त्यामुळे मिस्सेपेक्षा मास्तरांवरच मन अडकलं. पालकांना पटवून पोरं शाळेत आणणं काय असतं ते मला माहीत आहे. आम्हालाही शिकवण्याच्या पलीकडची कामं होती, पण रविवारी वाद्यवृंद उभा करा असं कोणी सांगितलं नाही.

मला हे जाणून घ्यायचंय की रिबांनी मुलांना संगीत शिकवलं ते कसं? काही पद्धत लिहून ठेवलीय का?

---

अंतरा_क

रानजाई, हो, ठेवलीय, आणि ते त्यांचं दुसरं मोठं काम. संगीताची मूलतत्त्वं समजावणारं पुस्तक त्यांनी चेक भाषेत लिहिलं. ते १८१७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापलं गेलं. चेकमधलं संगीतशास्त्राचं ते पहिलं पाठ्यपुस्तक मानतात. त्याआधी शिकायचं तर जर्मन किंवा लॅटिन हवं, आणि संज्ञा इटालियन. सरकारी कामकाजाची भाषा १७८४ पासून जर्मन झालेली, वरच्या शाळाही जर्मन. गावच्या शाळेतलं पोर मात्र घरी चेक बोलायचं. त्या पोरासाठी हे पुस्तक आहे.

मिस्सा आणि हे पुस्तक मला एकाच हातचं काम वाटतं. मिस्सेतल्या सुरावटी बघा. बहुतेक चालीत सूर शेजारच्या सुरावर जातो, मोठ्या उड्या कमी. वाक्यं छोटी, श्वासाला जागा आहे. वृंदाचे भाग असे की आठवड्यातून एकदोनदा जमणाऱ्या गावकऱ्यांनाही बसवता यावेत. अवघड नक्षी आहे ती बासरीकडे आणि ऑर्गनकडे, आणि ऑर्गनवर बसायचे ते स्वतः मास्तरच! आपल्यासमोर कोण गाणार आहे, कुणाचा आवाज किती चढतो, हे ठाऊक असलेल्या माणसानं लिहिलेलं संगीत आहे हे.

---

वैखरी

थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. मी पाश्चात्त्य संगीत बरंच ऐकलंय. ही मिस्सा गोड आहे, पण १७९६ म्हणजे हायडन उत्तरायुष्यातल्या थोर मिस्सा लिहायला लागला ते वर्ष. मोझार्ट जाऊन पाच वर्षं झालेली. त्यांच्या शेजारी ठेवलं तर रिबांची रचना साधी वाटते, काही ठिकाणी तेच तेच होतं. केवळ शिक्षक होते, गरिबीत होते म्हणून आपण त्यांना झुकतं माप देतोय का? त्याच बोहेमियाचा यान दिस्मास झेलेंका, तोही कांटोरचाच मुलगा. ड्रेस्डेनच्या दरबारी चर्चसाठी त्यानं लिहिलेलं ऐकलं की थक्क व्हायला होतं. त्याच्यावर धागा हवा.

---

अंतरा_क

वैखरी, राग कसला! झेलेंकावर धागा तुम्हीच काढा, मी पहिली वाचक. लोउन्योवित्से गावच्या कांटोराचा मुलगा, १७४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये वारला, आणि त्याच्या मिस्सांमधली ती फ्यूगची, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाजांनी उचलण्याची, गुंफण खरोखर थक्क करणारी आहे.

पण तुलना मला पटत नाही. झेलेंकाच्या हाताशी तेव्हाच्या युरोपातला अव्वल दर्जाचा वाद्यवृंद होता. हायडनसमोर एस्टरहाझी या सरदार घराण्याचा दरबार होता. रिबांसमोर शाळेतली पोरं आणि गावातले हौशी लोक. त्या मंडळींना पेलेल असं लिहून ते दोनशेहून जास्त वर्षं गायलं जाणं, ही वेगळ्या जातीची कसोटी आहे आणि त्या कसोटीवर फार थोडे उतरतात. ही मिस्सा छापील रूपात येण्याआधी हातानं केलेल्या प्रतींमधून एका गावच्या वृंदाकडून दुसऱ्याकडे गेली. कोणा राजाचा आश्रय नव्हता, लोकांना ती हवी होती म्हणून पसरली. काही ठिकाणी पुनरावृत्ती आहे, हे मान्य.

---

सालसेतकर

अंतरा, पोर्तुगीज काळच्या गोव्यातल्या चर्चच्या शाळा आठवल्या. आमच्याकडे त्या मास्तरांना 'मेस्त' म्हणायचे. लहान पोरांना सोल्फेज (स्वरांची नावं घेऊन गाणं), स्वरलिपी, व्हायोलिन शिकवायचे आणि तीच पोरं रविवारी क्वायरमध्ये. माझे आजोबा तशाच शाळेत शिकले. पुढं मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदांत स्वरलिपी वाचणारे इतके गोवेकर आले ते याच शाळांमुळे. बर्नीनं लिहिलेली ती चार क्लॅव्हिकॉर्डची खोली वाचून अगदी घरचं वाटलं. मेस्तांची नावं मात्र फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत. रिबांचं नाव टिकलं हे बरं झालं.

---

वसईचा_वारा

आमच्याकडे व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, मिस्सा मराठीत यायला लागली. त्याआधी लॅटिनच. आजी सांगायची की शब्द कळत नसत, पण पाठ होते. म्हणून १७९६ मधल्या त्या गावकऱ्यांचं काय झालं असेल याचा अंदाज येतो. वर सज्जातून आपल्या घरच्या बोलीत कुणीतरी हाक मारतंय, उठा धनी!

एक विचारू का? अंतराताईंनी सुरुवातीला 'दुर्दैवी शेवट' लिहिलंय. नेमकं काय झालं?

---

अंतरा_क

लिहिते. ८ एप्रिल १८१५ रोजी रिबांनी गावाजवळच्या व्होल्तुश गावाकडच्या रानात आयुष्य संपवलं. वय एकोणपन्नास. त्यांच्याजवळ रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं मनःशांतीवरचं पुस्तक सापडलं. आत्महत्या म्हणून त्यांना रीतसर दफनभूमी मिळाली नाही, साथीच्या जुन्या दफनभूमीत पुरलं. काही दशकांनी त्यांचे अवशेष स्तारी रोझमितालच्या चर्चजवळ आणले. रानातल्या त्या जागी आज स्मारक आहे.

---

पेटीवाला

वाचून सुन्न झालो. म्हणजे ज्या चर्चसाठी जन्मभर लिहिलं त्याच चर्चच्या लोकांनी बळी घेतला की!

---

अंतरा_क

पेटीवाला, असं एका वाक्यात बांधू नये असं मला वाटतं. धर्मगुरूंशी भांडणं होती हे खरं, आणि ती कडवट होती. पण तेवढंच नव्हतं. १८११ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्याचं दिवाळं निघालं. कागदी नोटांची किंमत एका फटक्यात पाचावर एक आली. त्यात तेरा मुलांच्या संसाराचं आणि मास्तरांच्या पगाराचं काय झालं असेल? नेपोलियनच्या लढायांचा काळ, महागाई. शाळेची कामं कधी न संपणारी. आणि प्रागमध्ये ग्रीक-लॅटिन वाचलेला, सगळ्या युरोपचं संगीत जाणणारा माणूस, ज्याच्याशी बरोबरीनं बोलायला गावात फार कमी लोक. मन आतून खचत जाणं हा आजार आहे. त्याचं कारण एका शत्रूवर ठेवलं की तो माणूस आणि त्याचं दुःख दोन्ही लहान होतात.

आणि एक सांगते. १८०१ मध्ये रिबांनी आपल्या सांगीतिक आयुष्याची हकिगत स्वतः लिहून काढली होती. प्रागच्या स्त्राहोव्ह मठातले विद्वान दलाबाच बोहेमियातल्या कलावंतांचा कोश करत होते, त्यासाठी. म्हणजे आपण काय केलंय याची त्यांना पुरती जाणीव होती. तो कोश १८१५ मध्ये छापून झाला.

---

रानजाई

तुमचं म्हणणं पटलं. माझ्या नोकरीच्या काळात एक सहकारी असाच गेला. तेव्हाही लोक कोणा एकाचं नाव घेत होते आणि त्याच्या घरच्यांना त्याचा फार त्रास झाला.

मला रिबांची सत्तावीस वर्षं लक्षात ठेवायची आहेत. या धाग्यामुळे ते जमेल.

---

वैखरी

अंतरा, 'वेगळ्या जातीची कसोटी' यावर विचार केला आणि काल रात्री पुन्हा ऐकलं, या वेळी फक्त वृंदाच्या भागांकडे लक्ष देऊन. तुमचं खरं आहे, आवाजांची काळजी घेणारा हात आहे. हायडनचं मोठेपण वेगळं, हे माझं मत कायम आहे. पण ही परंपरा किती पुढं पोचली याचा मी विचारच केला नव्हता. द्वोरझाक झ्लोनित्से गावात लिएहमान नावाच्या कांटोराकडेच ऑर्गन आणि संगीतशास्त्र शिकला. यानाचेकचे वडील कांटोर, आजोबाही, आणि त्याचा जन्मच हुकवाल्दीच्या शाळेच्या इमारतीतला. म्हणजे ज्यांना आपण चेक संगीताचे शिखरपुरुष म्हणतो ते सरळ या खोल्यांतून आलेत.

---

सालसेतकर

ऐकायला चांगलं ध्वनिमुद्रण कोणतं? आणि आमचा छोटा क्वायर आहे, चार आवाज आहेत, एक बासरीवाला आणि दोन व्हायोलिन. यातलं काही बसवता येईल का?

---

अंतरा_क

ध्वनिमुद्रणं बरीच आहेत. सुप्राफोन या चेक कंपनीची जुनी मोठ्या वृंदाची आहेत, भरदार आणि सणासुदीची. मला स्वतःला आर्खीव्ह कंपनीनं काढलेलं रॉबर्ट हूगो यांचं जास्त भावतं, कापेला रेगिया म्युझिकालिस हा छोटा वृंद आणि गायिका मागदालेना कोझेना. जुन्या पद्धतीची वाद्यं, मोजके आवाज, त्यामुळे गावच्या चर्चच्या मापाच्या जवळ जातं.

बसवायचं तर पूर्ण मिस्सेच्या मागं लागू नका, ती साधारण पाऊण तासाची आहे. किरिए घ्या. टेनर आणि बेस चांगले असतील तर अर्धं काम झालं, कारण सुरुवातीचा सगळा संवाद त्यांचाच. शिंगांचे भाग ऑर्गनवर घेता येतील. बासरी मात्र सोडू नका. चेक उच्चार अवघड आहेत, त्यातला र-झ च्या मधला जो वर्ण आहे तो तर फारच, म्हणून आधी शब्द नुसते तालात म्हणून घ्या आणि मग सुरात. मी इथल्या क्वायरमध्ये तसंच केलं होतं. किरिए जमलं की 'रोझमिली स्लाविचकू'कडे वळा, त्याला तर एक सोप्रानो, म्हणजे बायकांतला वरचा आवाज, पुरते.

---

सालसेतकर

किरिएच घेतो. आमचा बेस थोडा कच्चा आहे, पण टेनर उत्तम. नोटेशन मिळालं की ऑगस्टपासून तालमी सुरू करू. शिंगांचे भाग ऑर्गनवर कसे बसवले ते इथं विचारीन.

---

अंतरा_क

जरूर विचारा. आणि कोणी तिकडं जाणार असेल तर प्रागहून रोझमिताल एका दिवसात होतं. तिथल्या पोद्ब्रद्स्के संग्रहालयात रिबांबद्दल बघायला मिळतं, आणि स्तारी रोझमितालचं पवित्र क्रुसाच्या उत्थापनाचं चर्च, जिथं ते वाजवायचे, ते बघाच. डिसेंबरात जायचं असेल तर गर्दी धरून चाला.